पाठमोरा पंच

बापूराव नगराळेंच्या पिशवीत एक दोरी असते. भंगारात निघालेल्या एसटीच्या घंटीची. एकतीस वर्षं कंडक्टरकी करून माणसानं घरी काय आणलं, तर हे. त्या दोरीला त्यांनी गाठी मारल्या आहेत. तीन मीटरवर एक, आठवर एक, बारावर एक. कुठल्याही गावात कबड्डीचे सामने असोत, बापूराव पंच म्हणून उतरले की आधी गुडघे टेकतात आणि दोरीनं मैदान मोजतात. गावच्या मंडळानं मोजून, फक्की मारून ठेवलेलं असलं तरी मोजतात.

"बुढा कोनावर इस्वास नाई ठेवत," पोट्टे हसतात.

"ठेवला असता तं तुमच्या गावची रेषा वीतभर अलीकडंच राह्यली असती," बापूराव मान वर न करता म्हणतात.

ते खोटं नाही. एका गावानं आपला चढाईवाला बुटका म्हणून निदान रेषाच अलीकडं ओढली होती. चढाई करणाऱ्यानं समोरच्या अंगणात शिरून ही रेषा एकदा तरी ओलांडायलाच हवी. नाहीतर कोणाला हात न लावता परतला की तो बाद. बापूरावांनी ती फक्की पायानं नाही, झाडूनं पुसली आणि पुन्हा मारली. रेषेला पंचाचा पाय लागू नये, हा त्यांचा नियम. मातीचं मैदान, अनवाणी खेळणारी पोरं. पाऊल रेषेपलीकडं पडलं की फक्कीच्या पलीकडच्या मातीत पाच बोटं उमटतात. "ते बोटं म्हनजे खेळाडूची सही हाय. सहीवर आपन पाय ठेवाचा नाई," असं ते नव्या पंचांना शिकवायचे.

त्यांचा डबाही त्यांच्यासोबत. यजमान गावात पंचांना मटणाचं जेवण असतं, आणि ते बहुतेक यजमान संघाच्या कप्तानाच्याच घरी असतं. सगळे पंच हात धुऊन तिकडं जातात. बापूराव बाभळीखाली बसून पत्नी तानाबाईंच्या हातची भाकर आणि जवसाची चटणी खातात. तीस वर्षांत त्यांनी कोण्या गावचं मीठ खाल्लेलं नाही. यावरून त्यांच्या मागे काय काय बोललं जातं ते त्यांना माहीत आहे. "मोठा आला सत्याचा पुतळा" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

आणि मग ती वही.

पंधरा वर्षांपूर्वी एका पंचानं आपल्या मेहुण्याच्या संघाला अख्खा सामना उचलून दिला. हरवला गेलेला संघ रडत घरी गेला आणि बापूरावांनी दुसऱ्या दिवशी दोनशे पानी रजिस्टर आणलं. रकाने आखले. तारीख, गाव, पंचाचं नाव, आणि शेवटचा रकाना ‘नाते’. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पंचानं लिहायचं की खेळणाऱ्या कोण्या संघात आपल्या नात्यातलं कोणी आहे का. असेल तर त्या सामन्यात शिट्टी खाली ठेवायची आणि आपल्या जागी बदली पंच कोण, ते बाजूला होणाऱ्यानंच सांगायचं. पंचांच्या मंडळाचे सचिव अण्णाजी तेव्हाही सचिवच होते. त्यांनी त्या वहीला हार घातला, फोटो काढला, पेपरात दिला.

ती वही आज कोणी उघडून पाहावी. अंगाची लाही होते. पंधरा वर्षं, अठरा-वीस पंच, आणि ‘नाते’च्या रकान्यात ओळीनं काय लिहिलंय? निरंक. निरंक. निरंक. ज्या जिल्ह्यात पुलगावची मामी हिंगणघाटच्या आत्याची नणंद निघते, तिथं या वीस लोकांना म्हणे नातेवाईकच नाहीत! सगळे आभाळातून पडलेले. मधूनच एक अक्षर वेगळं दिसतं, ठसठशीत, कंडक्टरच्या हिशोबी हातचं. ‘पुतण्या, बोरगाव संघ.’ ‘साळ्याचा मुलगा, राखीव खेळाडू.’ बेचाळीस नोंदी आहेत. बेचाळीसही बापूरावांच्या.

त्यांची धाकटी जागृती बोरगाव मेघेच्या मुलींच्या संघातून खेळायला लागली, तेव्हापासून ‘मुलगी’ ही नोंद वाढली. जागृती एकोणीस वर्षांची. अंगानं काटक, चढाईत डोळा न लवणारी. तिच्या सामन्यात बापूराव नुसती शिट्टी खाली ठेवायचे नाहीत, तर मैदानाकडं पाठ करून बसायचे. पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची उलटी टाकून.

"आता हे काय नवं सोंग?" तानाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"मी पाह्यत बसलो तं तिथल्या पंचावर दाब येते ना. मले पाहून त्यानं एखादा गुन तिले फुकट देल्ला तं?"

"फुकट घेतला तं बोलजा. हक्काचा गुन काऊन सोडता?"

बापूराव मात्र पाठ फिरवतच राहिले.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. जागृतीचं वय यंदाच बसत होतं, पुढल्या वर्षी ती या गटातून बाहेर. जिल्ह्याचा गणवेश अंगावर चढला असता तर राज्याचं दार उघडत होतं, आणि नोकरीच्या खेळाडू जागांसाठी लागतो तो कागदही. पण त्याहून मोठं म्हणजे, पोरीनं सहा वर्षं पहाटे मैदानावर माती खाल्ली होती. तिला ते पाहिजे होतं. बस्स.

अंतिम सामना बोरगाव आणि अल्लीपूरकडच्या मुलींचा. बापूरावांनी वहीत ‘मुलगी’ लिहिलं आणि बदली पंचाचं नाव सांगितलं. अंकुश.

अंकुश साटोणे अल्लीपूरचा. शेतकऱ्याचं पोर. अठरा वर्षांचा असताना बापूरावांच्या गाडीत चढायचा आणि तिकीट काढता काढता कबड्डीचे नियम विचारायचा. शिट्टी तोंडात कशी धरायची इथपासून फक्कीवरची बोटं कशी वाचायची इथपर्यंत बापूरावांनी त्याला घडवलं. आता त्यानं अल्लीपुरात मुलींना शिकवायचा वर्ग काढला होता. समोरच्या संघातल्या तीन पोरी त्याच वर्गातल्या, त्यात कप्तान रुचिका. हे बापूरावांना माहीत होतं.

माहीत होतं, तरी त्याचं नाव घेतलं. इथंच तो माणूस चुकला. त्यांनी स्वतः अर्ध्या जिल्ह्याला शिकवलं होतं आणि शिकवलेल्या पोरांना भर मैदानात बादही दिलं होतं. शिकवणं म्हणजे नातं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या वहीत रक्ताचा रकाना होता. फीचा नव्हता.

सामना बरोबरीत होता. शेवटची चढाई जागृतीची. टाकीजवळ पाठमोरे बसलेल्या बापूरावांना फक्त आवाज ऐकू आले. पोरीचा घुमणारा दम, "कबड्डी कबड्डी", लोकांची आरोळी, मग शिट्टी. मग एकदम दोन्हीकडून गलका. कोणाचा आनंद आणि कोणाचा संताप, ते पाठीला कळत नाही.

अंकुशनं जागृतीला बाद दिलं. निदान रेषा ओलांडली नाही म्हणून. एका गुणानं सामना गेला.

जागृती चालत आली नाही, पळत आली. मातीनं भरलेली, गुडघा सोललेला.

"बाबा, म्या रेषा पार केली. दोनदा केली! तुमी पाह्यलं ना?"

बापूराव खुर्चीतून उठले होते. "नाई."

"नाई म्हनजे?"

"माही पाठ होती, बाई."

"साऱ्या मैदानानं पाह्यलं. तुमीच तेवढे नाई पाह्यलं?" एवढं बोलून ती गेली, आणि त्यानंतर तीन आठवडे बापाशी एक शब्द बोलली नाही.

लोक पांगल्यावर बापूराव एकटेच मैदानात गेले आणि वाकून पाहिलं. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत, फक्त एका जागी हातभर फिसकटलेली. आणि तिच्या पलीकडच्या मातीवर अनवाणी बोटं नव्हती. बुटाच्या तळव्याच्या खरडलेल्या नक्षीच्या रेघा होत्या. त्या मैदानावर मुली अनवाणी होत्या. बूट फक्त पंचांच्या पायात. त्या कडेला पंच होता अंकुश. निर्णय दिल्यावर दुसरा पंच बघायला येईपर्यंत त्यानं सहीवर पाय फिरवला होता.

बापूराव तसेच अण्णाजींकडं गेले. अण्णाजी शाली घड्या करून पेटीत ठेवत होते.

"अण्णाजी, खूण पुसली हाय. चाला, दाखवतो."

"कोनाची खूण?"

"जागृतीची."

अण्णाजींनी हातातली शाल खाली ठेवली. चेहऱ्यावर मोठी सहानुभूती. "बापूराव, तुमी आमचे सगळ्यात जुने पंच. तुमाले मी काय सांगू? तुमी तं तिचे बाप हा. वहीत तुमीच लिहून देल्लं. आता तुमचं आयकलं तं लोक काय म्हनतीन?"

"मी सांगतो म्हनून नका आयकू ना. जमिनीवर हाय ते पाहा."

"पंचाचा निर्णय झाला. आता जमीन पाहून काय करता?"

एका पोराकडं मोबाईलवर चित्रण होतं. अण्णाजींनी ते पाहिलंही. त्यात ऐन वेळी पुढच्या माणसाचं टक्कल आलं होतं. "हे पाहा," अण्णाजी म्हणाले, "यात तं टक्कलच हाय," आणि भोवतीचे चार पंच हसले.

हसले! एका पोरीची सहा वर्षं टकलावर हसण्यावारी गेली. हे तेच चार, ज्यांनी सकाळी निरंक लिहून अल्लीपूरच्या कप्तानाच्या काकाकडून आलेला भजी-जिलेबीचा नाश्ता केला होता. पंधरा वर्षं ज्या वहीत या लोकांनी एक खरा शब्द लिहिला नाही, तीच वही आज एकट्या खरं लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायला कामी आली. याला काय म्हणावं? चोरानं चोरी करावी हे समजतं. त्यानं घरमालकाच्याच कुलपानं घरमालकाला कोंडावं, हे कोणी सहन करावं?

अंकुश फाटकाजवळ गाडी सुरू करत होता. बापूरावांनी चावीवर हात ठेवला.

"काऊन केलं बे असं?"

"काय केलं गुरुजी? मले दिसलं ते देल्लं."

"वहीत निरंक लिहिलं तू."

"मंग? माह्या नात्यातली कोन्ती पोरगी हाय? रुचिका माही बहीन हाय का भाची? तुमच्याच वहीत विचारलं ना, नातं. नाई नातं." तो डोळे वर करत नव्हता, पण आवाज चढला होता. "तुमाले काय समजते? पेन्शन घेऊन बाभळीखाली भाकर खाता. माह्या वर्गातली एक पोट्टी जिल्ह्यात लागली तं पुढच्या साली चाळीस येते. मले बी घर हाय."

बापूरावांनी हात काढून घेतला. गाडी गेली.

चार दिवसांनी यादी लागली. पंचांच्या व्हॉट्सॲप गटावर आली, गटाचं नाव ‘शिट्टी परिवार’. रुचिकाचं नाव तिसरं. जागृतीचं नाव नव्हतं. निवड समितीचा शेरा असा की ऐन वेळी रेषा पार करता येत नाही. खाली वीस अंगठे आणि अंकुशला पेढ्याचं चित्र.

घरात तीन आठवडे भांड्यांचाच आवाज. जागृती मैदानावर जाईना. गुडघ्याची पट्टी खिळ्याला लटकत राहिली. एकदा बापूराव अंगणात म्हणाले, "आपन वरती अर्ज करू." तर तिनं आईकडं पाहून सांगितलं, "आई, यायले सांग, अर्जात ‘निरंक’ लिहा म्हना."

त्या रात्री बापूरावांनी वही काढली. पट्टी घेतली. ‘नाते’च्या पुढं आणखी रकाने आखले: ‘कोणाला शिकवतो.’ ‘कोणाच्या घरी जेवतो.’ ‘कोणाकडून काय घेतो.’ आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहून दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘अंकुश साटोणे, अल्लीपूर. पंचगिरी मी शिकवली.’

अल्लीपुरात मुलींचे खुले सामने होते, आणि मुख्य पंच म्हणून बापूरावांना तीन महिने आधीच बोलावणं होतं. गावच्या मंडळाच्या अध्यक्ष देवकाबाई. साठीची, नऊवारी नेसणारी, बचत गटांच्या बायका पाठीशी असलेली. तिच्यासमोर टेबलावर बापूरावांनी वही उघडली.

पहिल्या पंचानं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "कोनाच्या घरी जेवतो? हे काय चौकशी लावली का तुमी?"

"बुढ्याची पोट्टी नाई लागली म्हनून आता आमच्या ताटात डोकावून राह्यला," दुसरा म्हणाला.

अंकुश हसला. "मी तं घरचाच मानूस. मी कायले लिहू?"

"लिहा ना बावा," देवकाबाई म्हणाली. "लिहाले काय हात दुखते? आमाले गटात साधं पापड लाटाचं असलं तरी सही करा लागते. तुमी तं गावाच्या पोरींचा न्याय कराले आले."

"मावशी, तुमी मधात नका पडू."

"मधात? मैदान माहं, मंडप माहा, अन मी मधात?"

सातपैकी पाच पंच उठून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. अंकुशही त्यांच्यातच. मनात असं, की पंचांशिवाय सामने होतात कसे ते पाहू. उरले दोघं, आणि बापूराव. एक माणूस कमी. रेषेवर कोणीच नाही.

त्याच वेळी वर्ध्याच्या गाडीतून जागृती उतरली, हातात डबा. तीस वर्षांत पहिल्यांदा बापूराव डबा विसरले होते. तानाबाईंनी पोरीला बसमध्ये कोंबलं होतं: "त्या मानसाले त्या गावात पानी बी गोड नाई लागत. नेऊन दे. बोलू नको पायजे तं."

तिनं डबा टेबलावर ठेवला. देवकाबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का व ते बाद देल्लेली? नियम येते का सारे?"

"येते."

"मंग राह्य ना रेषेवर उभी."

जागृतीनं पहिल्यांदा बापाकडं पाहिलं. बापूराव म्हणाले, "अगोदर लिहा लागन."

तिनं वही ओढली. ‘नाते’त लिहिलं: ‘मुख्य पंच, वडील.’ पुढचे रकाने वाचले आणि पेन तिथंच थांबलं.

"राग लिहाचा रकाना कुठं हाय?"

"काय?"

"रुचिकाचा संघ हाय ना इथं? तिच्यावर माहा राग हाय. तो कुठं लिहू?"

टेबलाभोवती कोणी हसलं नाही. बापूरावांनी पट्टी घेतली आणि शेवटी आणखी एक रकाना आखला. रेघ वाकडी गेली. जागृतीनं त्यात लिहिलं: ‘रुचिका. माझी जागा हिला दिली.’

देवकाबाईनं रुचिकाला बोलावून ते वाचून दाखवलं. "पोरी, हे अशी लिहून राह्यली. तुया सामन्यात हे रेषेवर चालते का तुले? नाई म्हनशीन तं दुसरं पाहू."

रुचिकानं वही ओढून ती ओळ स्वतः वाचली. आपल्याला जिल्ह्याची जागा कशी मिळाली हे तिलाही माहीत नसेल असं नाही. ती एवढंच म्हणाली, "चालते."

दुपारच्या उन्हात तो सामना झाला. मंडपात गर्दी, टपरीवर पाच पंच. शेवटच्या मिनिटाला, संघ एका गुणानं पुढं असताना, रुचिका चढाईला गेली. समोर तीन पोरी. तिनं डावीकडं झुकांडी दिली, पाय टाकला, परत आली. बापूराव मैदानाच्या दुसऱ्या कडेला होते. त्यांना पाऊल रेषेच्या अलीकडं दिसलं. शिट्टी वाजली, हात वर गेला. बाद.

"पार केली."

जागृतीचा आवाज होता. हात सरळ उचललेला.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, बाप-लेकीतच जुंपली!"

"पाय पडला बाबा. खूण हाय. या, पाहा."

तीन आठवड्यांनंतर पोरीनं बापाला मारलेली ही पहिली हाक. बापूराव चालत आले. गुडघे टेकले. फक्कीच्या पलीकडं, ओल्या मातीत, पाच बोटं. स्पष्ट, सहीसारखी. जागृती तिच्या अलीकडं दोन्ही पाय जुळवून उभी होती, रेषेपासून वीतभर लांब, कोणाचा बूट तिथं येऊ नये म्हणून हात पसरून.

बापूरावांनी निर्णय फिरवला. रुचिकाची चढाई पूर्ण, तिचा संघ जिंकला.

रुचिका जागृतीसमोर येऊन उभी राहिली. काय बोलावं ते तिला सुचेना. जागृतीच तिला म्हणाली, "धन्यवाद गिन्यवाद नको देऊ. राग गेला नाई. तो लिहिलेला हाय."

मग ती बापाकडं वळली. डोळे भरलेले, पण आवाज कोरडा. "पाह्यलं की दिसते बाबा. एवढंच होतं. त्या दिवशी बी एवढंच होतं."

बापूराव गुडघ्यावरच होते. "आता पाठ नाई फिरवत," ते म्हणाले.

"माही निवड तं गेली ना."

जिल्ह्याचा संघ त्याच आठवड्यात रवाना होणार होता, निवडीचा कागद शिक्का मारून फायलीत गेला होता, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं.

टपरीकडून टाळ्या ऐकू येत होत्या. आपल्या वर्गातली पोरगी जिंकली म्हणून हातातला चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवून अंकुश उभा राहिला होता, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच टाळ्या वाजवत होता.